सालसा सोशलला पहिल्यांदा जाताना: मराठवाड्यातल्या नाचणाऱ्यांसाठी

सालसाचा, म्हणजे जोडीने नाचायच्या लॅटिन अमेरिकन नाचाचा, क्लास लावला, आरशासमोर पावलं बरोबर पडायला लागली, की पुढचा प्रश्न ठरलेला: आता नाचायचं कुठे? छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड, परभणीकडे बहुतेकांचा नाच क्लासबरोबरच संपतो, नाहीतर गॅदरिंगमधल्या एका गाण्यापुरता उरतो. म्हणून इथले बरेच जण पहिली सोशल पुण्याला जाऊन करतात आणि रात्रभर भिंतीला टेकून उभे राहतात. त्यांना नाचता येत नसतं असं नाही. तिथली रीत कुणी सांगितलेली नसते, एवढंच. ती रीत, आणि तिच्यासाठी घरून काय तयारी करून निघायचं, हे सविस्तर सांगते.

सोशल म्हणजे ओळखी-अनोळखी माणसांबरोबर एकेक गाणं नाचायचा कार्यक्रम. काहीही आधी बसवलेलं नसतं. क्लबमध्ये, कॅफेत किंवा डान्स स्टुडिओत तो होतो. बऱ्याच ठिकाणी आधी तासभर नवशिक्यांचा वर्ग असतो, मग डीजे गाणी लावतो. जाहिरातीत ‘एसबीके’ लिहिलेलं असेल तर सालसा, बचाता आणि किझोम्बा या तिन्ही नाचांची गाणी आलटून पालटून वाजणार असं समजा. किझोम्बा मूळचा आफ्रिकेतल्या अंगोलाचा, पण लॅटिन रात्रींमध्ये तो आता रुळलाय. मधूनच एखादं मेरेंगे किंवा चा-चा-चा येतं. नवशिक्यांचा वर्ग चुकवू नका, मग तुम्हाला त्यातलं सगळं येत असलं तरी. त्या तासात जोडीदार बदलत राहतात, त्यामुळे खरी सोशल सुरू व्हायच्या आत दहा-बारा चेहरे ओळखीचे झालेले असतात.

निघायच्या आधी किती यायला हवं

सालसाचं मूळ पाऊल, उजवीकडचं एक वळण, आणि जोडीदाराला एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेणारा क्रॉस बॉडी लीड. बचाताचं बाजूला जाणारं पाऊल आणि एक साधं वळण. एवढ्यावर पूर्ण रात्र काढता येते. हे मी धीर द्यायला म्हणत नाही. मला स्वतःला ज्यांच्याबरोबर नाचायला आवडतं त्यातले निम्मे तरी याहून फारसं काही करत नाहीत, पण तालात असतात आणि समोरच्याकडे लक्ष ठेवून असतात.

आपल्याकडे अडचण क्लासची आहे. झुंबा आणि बॉलिवूड शिकवणारे पुष्कळ मिळतात. सालसाचे सापडले, तरी अनेक ठिकाणी सालसा म्हणून लग्नातल्या ‘संगीत’च्या कार्यक्रमासाठी बसवलेलं एक गाणं शिकवतात. ते वाईट नाही, पण त्यातून सोशल नाचता येत नाही, कारण पुढचं पाऊल दोघांनाही पाठ असतं. प्रवेश घेताना एवढंच विचारा: वर्गात जोडीदार बदलतात का, आणि लीड-फॉलो शिकवता का? लीड म्हणजे पुढची हालचाल हातातून, अंगातून सुचवणं, आणि फॉलो म्हणजे ती ओळखून पूर्ण करणं. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे चौकशी करा. झुंबा केलेल्यांचा एक फायदा मात्र नक्की आहे. तो प्रकार कोलंबियाच्या बेटो पेरेझ यांनी सुरू केला आणि त्यात सालसा, मेरेंगे, कुंबिया, रेगेटॉन हेच संगीत असतं, त्यामुळे कान आधीच तयार झालेला असतो.

बायकांनी लीड आणि पुरुषांनी फॉलो शिकायलाही काही हरकत नाही. शिका, खरंच. लहान गावात माणसं कमी, जोड्या विषम. दोन्ही बाजू येणारा माणूस कधी बसून राहत नाही, आणि समोरच्याला नेमकं काय जाणवतं हेही त्याला चांगलं कळतं.

ताल

सगळ्यात जास्त वेळ यावर घालवा. सालसा आठ मात्रांवर मोजतात: १, २, ३ वर पाऊल, ४ वर थांबा; ५, ६, ७ वर पाऊल, ८ वर थांबा. ज्यांचं लहानपण भजनी मंडळाच्या आसपास गेलंय त्यांना आठ मात्रा वेगळ्या शिकवायला लागत नाहीत. तोंडाने कहरवा म्हणा: धा गे ना ति, न क धि न. ‘धा गे ना’वर तीन पावलं टाका, ‘ति’वर थांबा, ‘न क धि’वर तीन पावलं, शेवटच्या ‘न’वर थांबा. आधी अगदी हळू, मग वेग वाढवत न्या. सालसाची गाणी सहसा मिनिटाला १८० मात्रांच्या आसपास धावतात, काही त्याहून बरीच पुढे जातात, म्हणून हे पायात मुरेपर्यंत करायचं. सालसाचा वजनदार ठोका कहरव्याच्या जागी पडत नाही. मोजणी पक्की करण्यापुरताच कहरवा घ्या, पुढे कान त्या संगीताकडेच वळवायचा.

त्यात काय ऐकायचं? पहिल्यांदा कोंगा. हा उभा, हाताने वाजवायचा ढोल. त्याच्या ठरलेल्या ठेक्यात दोन मोकळे, घुमणारे ठोके लागोपाठ येतात आणि ते नेमके तुम्ही थांबता त्या जागेवर, म्हणजे ४ वर आणि ८ वर सुरू होतात. ते दोन ठोके कानात भरले की पुढचं पाऊल कधी टाकायचं हे मोजावं लागत नाही. गाणं रंगात आलं की गायक आणि कोरस यांची सवाल-जवाबासारखी आवर्तनं सुरू होतात आणि घंटेसारखा काउबेल १, ३, ५, ७ वर वाजायला लागतो. ताल हरवलेल्या माणसाला सापडायची ही सगळ्यात सोपी जागा. या सगळ्याच्या तळाशी क्लावे नावाचा पाच ठोक्यांचा साचा असतो. त्याच्या एका रूपात ठोके १ वर, २ आणि ३ च्या मधोमध, ४ वर, मग ६ आणि ७ वर पडतात. पायाने आठ मात्रा चालू ठेवून हाताने हा साचा टाळीत वाजवता आला, तर तुमचा कान बहुतेक नवशिक्यांच्या पुढे गेला म्हणून समजा.

शिकताना ‘ऑन वन’ आणि ‘ऑन टू’ हे शब्द कानावर पडतील. मुख्य दिशा बदलणारं पाऊल १ वर पडतं की २ वर, एवढाच तो फरक. ऑन वन लॉस एंजेलिसच्या शैलीशी जोडतात, ऑन टू न्यूयॉर्कच्या, आणि त्या दुसऱ्या शैलीची पद्धतशीर शिकवण रुजवण्यात एडी टोरेस यांचं नाव घेतात. क्युबाच्या लोकांची कासिनो ही गोल फिरत नाचायची शैली वेगळीच. तुम्ही जे शिकलात ते नाचा, आणि गाण्याच्या सुरुवातीला समोरच्याला एकदा विचारून घ्या.

बचाता सोपा: बाजूला तीन पावलं, चौथ्यावर टेकवणं, मग उलट दिशेने तेच. हे डोमिनिकन रिपब्लिकचं गिटारवरचं संगीत. त्याची पहिली ध्वनिमुद्रणं १९६२ मध्ये होसे मॅन्युएल काल्देरोन यांनी केली. तिथली प्रतिष्ठित मंडळी पुढे कित्येक वर्षं त्याला हलकं समजत. २०१९ मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. मेरेंगे तर नुसतं तालात चालणं आहे. पहिल्याच रात्री कुणाला विचारायचं असेल तर मेरेंगे लागल्यावर विचारा.

अंगावर काय, पायात काय

पायातलं आधी. स्पोर्ट्स शूजचा रबरी तळ फरशीला चिकटतो. वळताना पाऊल अडकतं, अंग फिरतं, आणि मधल्या मधे गुडघा पिळला जातो. चामड्याच्या गुळगुळीत तळव्याचे साधे बूट चालतात. डान्सचे महागडे बूट लगेच घ्यायची गरज नाही. जुन्या, पायाला घट्ट बसणाऱ्या बुटांच्या तळाला बूट दुरुस्तीवाल्याकडून स्वेडचा (मऊ, लवदार चामड्याचा) पातळ थर चिकटवून घेतला तरी भागतं. तो थर रस्त्यावर वापरायचा नाही, नाचायच्या जागी पोचल्यावर बूट बदलायचे. मुलींनी पहिल्या रात्री उंच टाचा टाळाव्यात, आणि मागे पट्टा नसलेली चप्पल तर अजिबात नको.

कपडे कसेही चालतील, घामाचं मात्र बघा. उन्हाळ्यात चाळिशीपार गेलेल्या उकाड्यात राहणाऱ्या आपल्याला घामाची सवय असते, म्हणून आपल्यालाच तो जाणवत नाही. समोरच्याला जाणवतो. पुरुषांनी दोन जादा टी-शर्ट, एक छोटा टॉवेल, डिओ. सुती शर्ट ओला झाला की बदला, वाट बघू नका. मुलींनी ओढणी नको, मोकळी वेणी नको. वळणात ती सपकन समोरच्याच्या तोंडावर बसते. लांब मंगळसूत्र किंवा साखळी आत घाला. अंगठ्या, कडं, काचेच्या बांगड्या, मोठं घड्याळ काढून ठेवा. नखं कापा, दोघांनीही.

जेवण दोन तास आधी आणि हलकं. नान खलिया, ठेचा, कच्चा कांदा हे सगळं नाचून झाल्यावर. खिशात बडीशेप असू द्या.

पुण्याला जायचं ठरलं तर

संभाजीनगरहून पुणे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. अहिल्यानगर, शिरूर, रांजणगाव करत आलात की वाघोली, खराडी, विमाननगर, कल्याणीनगर, कोरेगाव पार्क हा सगळा पट्टा शहराच्या याच बाजूला लागतो. मुक्काम तिकडेच शोधा, म्हणजे रात्री शहर ओलांडावं लागत नाही. लातूर-नांदेडहून रेल्वेने येणार असाल तर पुणे स्टेशनपासूनही हा पट्टा फार लांब नाही.

जायच्या दिवशी सकाळी आयोजकांना फोन किंवा मेसेज करून तीन गोष्टी विचारा. सोशल नक्की आहे ना? (ऐनवेळी रद्द होतात, आणि दोनशे किलोमीटर गेल्यावर ते कळलं की फार जिवाला लागतं.) प्रवेश फी किती, आणि त्यातले काही पैसे खाण्यापिण्यात वळते होतात का? आणि एकट्या पुरुषाला आत घेतात का? काही क्लबांच्या दारावर ‘स्टॅग’ म्हणून अडवतात, पण डान्स सोशलला आलोय म्हटल्यावर आणि यादीत नाव असल्यावर सोडतात. म्हणून नाव आधी लिहून घ्यायला सांगा. ओळखपत्र जवळ ठेवा. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण असावी लागतात, त्यामुळे क्लबच्या दारावर वय तपासतात. पिण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नाचायला आलात तर पिऊ नका. तोल जातो, हाताची पकड घट्ट होते, आणि वास येतो. चांगले नाचणारे रात्रभर पाण्यावर असतात.

घरी काय सांगायचं, हा मुलींपुढचा खरा प्रश्न. खरं तेच सांगा आणि तपशिलात सांगा: कुठे, कुणाबरोबर, कितीला संपणार, मुक्काम कुठे. क्लब म्हटल्यावर घरच्यांच्या डोळ्यांसमोर भलतंच चित्र येतं. शक्य झालं तर एखाद्या दुपारच्या वर्गाला आईला किंवा भावाला घेऊन जा. समोर बघितलं की निम्मी भीती गळून पडते. पहिल्यांदा तिघी-चौघी मिळून जा.

परतीचा प्रवास सकाळी. रात्री एक वाजता दमलेल्या पायांनी गाडी नगर रस्त्याला काढू नका, ऊसतोडीच्या हंगामात तर नाहीच. ऊस भरलेल्या ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच याचा भरवसा नसतो.

विचारणं आणि नाही म्हणणं

आपल्याकडे अनोळखी बाईशी बोलताना तोंडातून आधी ‘ताई’ येतं. येऊ द्या, काही बिघडत नाही. पण समोर जाऊन, नजरेला नजर देऊन, हात थोडा पुढे करून “हे गाणं नाचूया का?” एवढं विचारलं की पुरे. लांबून खुणा करू नका, मनगट धरून ओढू तर मुळीच नका. बायकांनीही विचारायचं असतं. सोशलमध्ये ते अगदी रोजचं आहे. बाई नवऱ्याबरोबर आली असेल तर काही जण नवऱ्याला विचारतात, “दादा, वहिनींना घेऊ का?” तसं करू नका. विचारायचं तिलाच. नवऱ्याकडे बघून हसलात, नमस्कार केलात, तर ती चांगली रीत.

नकार आला तर “बरं, नंतर” म्हणून वळा. कारण विचारायचं नाही. पाय दुखत असतील, गाणं आवडत नसेल, तुमच्याबरोबर नाचायचं नसेल. यातलं कुठलंही कारण पुरेसं आहे. नकार देणाऱ्याने “आत्ता बसते थोडं” इतकं म्हटलं तरी चालतं, पण मग त्याच गाण्यावर दुसऱ्याबरोबर उठू नये. दोनदा नकार आला तर तिसऱ्यांदा आपण जायचं नाही. वाटलं तर ती येईल.

एका वेळी एक गाणं. संपलं की “मजा आली, धन्यवाद” म्हणून जोडीदाराला फ्लोअरच्या कडेपर्यंत सोडा. एकाच माणसाला रात्रभर धरून ठेवू नका, तुमची मैत्रीण असली तरी.

फ्लोअरवर

आता हात. लीड करणाऱ्याने बोटं सैल ठेवायची, फॉलो करणारीची बोटं त्यांवर नुसती अडकवलेली असतात. अंगठ्याने दाबून धरायचं नाही. वळण येतं तेव्हा तिची बोटं तुमच्या बोटांभोवती फिरायला जागा लागते. अंगठा घट्ट असला की सगळा पीळ तिच्या मनगटात जातो. हात वर नेताना तो तिच्या कपाळाच्या थोडा वर, डोक्याभोवती राहू द्या. मागे खेचला की खांदा दुखावतो. दुसरा हात तिच्या पाठीवर खांद्याच्या हाडाजवळ, कमरेवर नाही. हे सगळं बरोबर असेल तर मोठी माणसंसुद्धा हलकी वाटतात.

फॉलो करणाऱ्यांनी आपला तोल आपल्या पायांवर ठेवायचा आणि पुढचं वळण ओळखून आधीच फिरायचं नाही. अंतर किती हे तुम्ही ठरवायचं. बचातात कुणी जास्त जवळ ओढत असेल तर डावा हात त्याच्या खांद्याच्या पुढच्या बाजूला आणा आणि तिथे हलका दाब ठेवा. समजूतदार माणसाला तेवढ्यात कळतं. नाही कळलं तर “थोडं लांब” असं तोंडाने सांगा. तरीही नाही, तर गाणं अर्धवट सोडून “थांबूया” म्हणून निघून या आणि आयोजकांना सांगा. यात तुमचं काहीही चुकत नाही.

अनोळखी जोडीदाराला मागे वाकवणं, उचलणं, डोकं गरगर फिरवणं हे करू नका. व्हिडिओत छान दिसतं, पण न सांगता केलं तर मान आणि कंबर कायमची धरू शकते. पावलं लहान ठेवा. शनिवारी गर्दीत एका जोडीला फरशीच्या दोन-तीन चौकटींपेक्षा जास्त जागा मिळत नाही. लीड करणाऱ्याने तिला पाठवण्याआधी तिथे कोण आहे ते बघायचं. धक्का लागला तर चूक कुणाचीही असो, थांबून विचारा. पेला हातात घेऊन फ्लोअरमधून जाऊ नका. आणि नाचता नाचता समोरच्याला शिकवू नका. त्याने विचारलं तर गाणं संपल्यावर, बाजूला जाऊन सांगा.

ताल सुटला तर? वळणं बंद करा, जागेवर मूळ पाऊल धरा, कोंग्याचे ते दोन ठोके ऐका, आणि पुन्हा १ वर शिरा. हसलात की समोरचाही हसतो.

मोबाइलबद्दल थोडं कडक लिहिते. न विचारता कुणाचंही शूटिंग करू नका, मागे दिसणाऱ्यांचंसुद्धा. पुण्यात काढलेली रील सकाळपर्यंत परभणीच्या काकांच्या ग्रुपवर पोचते, आणि मग त्या मुलीचा क्लास बंद होतो. असं झालेलं मी जवळून पाहिलंय. शिकण्यासाठी शूट करायचंच असेल तर दोघांची परवानगी घ्या आणि ते स्वतःपुरतं ठेवा.

आपल्याच गावात सोशल

दर महिन्याला पुणे परवडत नाही, हे उघड आहे. सहा-सात जण जमले तरी गावातच महिन्यातून एक संध्याकाळ करता येते. गच्चीचा मोह टाळा: २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर लावता येत नाही, आणि शेजाऱ्यांशी वाकडं आलं की पुढची सोशल होत नाही. बंद हॉल, क्लासची खोली किंवा बिल्डिंगचा कम्युनिटी हॉल बघा. सिमेंटची खरखरीत जमीन नको. गुळगुळीत फरशी हवी, पण तिच्यावर पावडर टाकू नका, कुणीतरी पडतं. मोबाइलचा स्पीकर पुरत नाही, कारण कोंगा आणि बेसच ऐकू येत नाहीत. थोडा मोठा ब्लूटूथ स्पीकर आणा. दोन सालसा, दोन बचाता, एक मेरेंगे असा क्रम लावा, आणि पहिला अर्धा तास जोडीदार बदलत मूळ पावलांचाच ठेवा. नवीन आलेल्या माणसाला पहिल्या तीन गाण्यांत कुणीतरी विचारलंच पाहिजे, हे काम एकाने अंगावर घ्यावं.

मंडळी वाढली की पुण्याहून एखाद्या शिक्षकाला शनिवार-रविवारच्या वर्कशॉपला बोलवा. मानधन, प्रवास आणि राहण्याचा खर्च आधी लिहून ठरवा, माणशी वाटून आगाऊ गोळा करा. तारीख गणपती, नवरात्र, लग्नसराई आणि बोर्डाच्या परीक्षा सोडून धरा, नाहीतर हॉल मिळतो पण माणसं मिळत नाहीत.